गाडी हुबेहूब की वास्तववादी?

वेंगुर्ल्याहून एका वाचकांनी विचारले आहे: "गणपतीच्या सुट्टीत माझ्या दोन भाच्यांचे जुंपले. धाकट्याच्या हँडहेल्ड कन्सोलवरचा मोटार शर्यतीचा गेम एकदम रिअलिस्टिक आहे असे त्याचे म्हणणे, तर हातातल्या यंत्रावर असा गेम रिअलिस्टिक होऊच शकत नाही असे थोरल्याचे. थोरल्याने पुढे शाळेच्या हस्तलिखितासाठी यावर लेख लिहिला. त्यातला 'वास्तववादी गेम' हा प्रयोग शिक्षकांनी खोडून तिथे 'हुबेहूब गेम' असे केले. योग्य शब्द कोणता? आणि 'हँडहेल्ड'ला 'हस्तधारित' म्हणावे का?"

शिक्षकांना शब्द खटकला हे बरोबरच झाले, पण त्यांनी सुचवलेला शब्द थोरल्याच्या लेखाला बसत नाही. तो धाकट्याच्या म्हणण्याला बसतो. दोन्ही मुले 'रिअलिस्टिक' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होती आणि भांडणाचे मूळ बहुधा तिथेच आहे.

आधी 'वास्तववादी'. आदर्शवाद, राष्ट्रवाद, सुखवाद या शब्दांतला 'वाद' म्हणजे मत किंवा भूमिका. कादंबरी वास्तववादी ठरते ती लेखकाने जग कसे दाखवायचे याविषयी काही ठरवलेले असते म्हणून. पासपोर्टचा फोटो कितीही खरा असला तरी त्याला आपण वास्तववादी म्हणत नाही. या निकषाने पाहिले तर काही गेमना हे विशेषण लावायला माझी हरकत नाही. जपानमध्ये १९९७च्या डिसेंबरात आलेल्या 'ग्रॅन टुरिस्मो' या मोटार शर्यतीच्या गेमने 'द रिअल ड्रायव्हिंग सिम्युलेटर' असे बिरुद मिरवले. ही सरळसरळ भूमिका आहे, आणि ती घेतली की लोक तिचा जाब विचारणारच. उलट १९९२च्या 'सुपर मारिओ कार्ट'मध्ये केळ्याच्या सालीवरून गाड्या घसरतात, आणि त्यात वास्तव नाही अशी तक्रार कोणी करत नाही, कारण तसा दावाच नाही. तेव्हा 'वास्तववादी' हा शब्द गेम करणाऱ्यांच्या हेतूविषयी बोलतो. हेतू साधला की नाही, हे सांगायला दुसरा शब्द लागतो. (तिथे 'वास्तविक' मात्र नको. 'वास्तविक त्याने यायला हवे होते' या धर्तीच्या वाक्यांतच तो मराठीत रुळला आहे. 'वास्तविक गेम' म्हटले की वाचणारा पुढच्या 'पण'ची वाट पाहत राहतो.)

'हुबेहूब' हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मुळातल्या 'हू-ब-हू'मधला 'हू' म्हणजे 'तो', म्हणजे एकूण अर्थ 'तोच तो'. मराठीत तो मुख्यतः डोळ्यांना आणि कानांना पटणाऱ्या साम्यासाठी येतो: हुबेहूब चेहरा, हुबेहूब नक्कल. सावंतवाडीच्या चितारआळीत मिळणारी लाकडी फळे आठवा. परडीतला तो आंबा देठाशी जरा हिरवा, गालावर पिवळा आणि मध्येच लालसर असतो. पाहुणे हात पुढे करतात. हातात घेतल्यावर मात्र बोटांनी दाबून पाहायची सोय नसते आणि नाकाला रंगाचाच वास येतो. तो आंबा हुबेहूब आहे, हे त्यानंतरही खरेच राहते. धाकटा भाचा या अर्थाने बोलत होता, आणि त्याचे चुकलेले नाही. लहान पडद्यावर चित्रातली उणीव लपतेही चांगली. २००४च्या पीएसपी या हातातल्या कन्सोलचा पडदा ४.३ इंचांचा होता. त्यावर ओला डांबरी रस्ता ओलाच दिसे.

थोरल्याचा मुद्दा चित्राचा नसून हाताचा आहे, आणि इथे आपल्या घाटांतल्या चालकांचे शब्द कोशापेक्षा जास्त उपयोगी पडतात. गाडी 'रस्ता धरते', वळणावर 'बाहेर ओढते', पावसात मागून 'सुटते'; घाट उतरताना 'गिअरमध्ये धरायची', चढणीच्या वळणावर एक्सलेटर 'अर्धाच ठेवायचा'. हा 'अर्धाच' महत्त्वाचा. २०१७ साली आलेल्या निन्टेन्डो स्विच या कन्सोलच्या वरच्या कडेची बटणे दाबलेले आणि सोडलेले एवढे दोनच प्रकार ओळखतात. अर्धा एक्सलेटर त्यांना ठाऊक नाही. २००९मध्ये पीएसपीवर 'ग्रॅन टुरिस्मो' आला, पण त्या यंत्रातही बोटाचा दाब मोजणारी बटणे नव्हती. २०२२च्या स्टीम डेकवर दाबाचे प्रमाण कळते, म्हणजे ही अडचण काहीशी सुटली. स्टिअरिंगची तशीच राहिली. घरच्या गेमसाठी विकत मिळणारी बरीच स्टिअरिंगची चाके ९०० अंशांत, म्हणजे अडीच फेरे फिरतात आणि टायर घसरू लागला की हाताला ओढ देतात. हातातल्या कन्सोलवर तेच सारे काम अंगठ्याखालच्या छोट्या दांडीवर येऊन पडते, आणि दांडीचा प्रवास नखाएवढा.

आमच्या वाडीतल्या एका निवृत्त एसटी चालकांच्या हाती मी असाच कन्सोल दिला होता. पहिल्याच वळणावर त्यांनी गाडी गवतात घातली, पडदा डोळ्यांजवळ नेला, आरशात मागच्या गाड्या दिसतात हे कौतुकाने पाहिले आणि यंत्र परत करत म्हणाले, "गाडी खरी दिसता, पण हाताक कायच गावना नाय." थोरल्या भाच्याला म्हणायचे होते ते नेमके हेच.

या दुसऱ्या अर्थासाठी एकच विशेषण शोधण्याचा हट्ट मी धरणार नाही. 'वास्तवसदृश' असा शब्द करता येतो, पण तो तोंडात बसत नाही. मराठी अशा वेळी क्रियापदाकडे वळते: 'गेममधली गाडी खऱ्यासारखी चालते', 'खऱ्यासारखी वळते'. नामच हवे असेल तर 'चालवण्यातला खरेपणा' पुरेसे आहे.

आता 'हँडहेल्ड'. 'हस्तधारित' व्याकरणाने निर्दोष असला तरी त्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. आपल्याकडे हातमाग, हातगाडी, हातपंप, हातरुमाल, हातपिशवी अशी भरलेली रांग आहे. तिच्यात 'हातकन्सोल' उभा राहू शकेल. माग, गाडी आणि पंप यांत 'हात' म्हणजे हाताने चालवायचे आणि रुमाल-पिशवीत हाताशी बाळगायचे. या यंत्राला दोन्ही लागू आहे. तरी १९८९च्या गेम बॉयपासून ही यंत्रे खेळणारी मंडळी 'हँडहेल्ड' हाच शब्द वापरतात, म्हणून लेखात तो ठेवून पहिल्या उल्लेखाला 'हातातला' जोडणे मला अधिक सरळ वाटते. कन्सोल पुल्लिंगी धरावा. गेमचे लिंग घरोघर बदलते. 'ती गेम' म्हणणाऱ्यांची संख्या मोठी असली तरी 'खेळ'च्या वजनाने आणि 'त्याचा गेम झाला' या मुंबईच्या बोलीच्या साक्षीने मी 'तो' लिहितो.

हस्तलिखित अजून बांधायचे असेल तर ते वाक्य असे करता येईल: "हा गेम वास्तववादी असल्याचा दावा करतो, हातातल्या कन्सोलवर त्यातली गाडी हुबेहूब दिसते, पण खऱ्यासारखी चालत नाही."