अर्क कोणता, त्याआधी बुरशी कुठे बसलीय ते पाहा

गव्हावर तांबेरा दिसल्यावर लसूण-कडुलिंबाचा अर्क तीनदा फवारला, तरी रोग पसरतच गेला. आता दुसरी कोणती वनस्पती वापरू, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते वनस्पती बदलून फरक पडणार नाही. तुमचा अर्क बुरशीपर्यंत पोहोचतच नव्हता.

पानावर तांबूस पुटकुळी दिसते तेव्हा बुरशी आत शिरून आठवडा तरी उलटलेला असतो. पान सहा-आठ तास दवाने ओलं राहिलं की वाऱ्याने आलेला बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, रुजतो, पर्णरंध्रातून (पानावरच्या सूक्ष्म छिद्रातून) आत जातो आणि जिवंत पेशींतून अन्न ओढू लागतो. लसणाचा अर्क पानाच्या पृष्ठभागावर काम करतो. रुजणाऱ्या बीजाणूला तो अडवेल, आत गेलेल्या बुरशीच्या धाग्यांना नाही. म्हणजे फवारायचा तर रोग दिसण्याआधी, ओंबीखालचं शेवटचं पान कोरं असताना. एक चांगला पाऊस आला की तो धुऊन जातो, मग पुन्हा फवारा.

लसूण उकळून घेतला होता का? बहुतेकांचं इथेच चुकतं. बुरशीला मारणारं अ‍ॅलिसिन अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळी ठेचली की त्यातलं अ‍ॅलिन आणि एक एन्झाइम एकत्र येतात, तेव्हा ते तयार होतं. उकळत्या पाण्यात तो एन्झाइमच मरतो. लसूण आधी ठेचा, दहा मिनिटं तसाच ठेवा, मग गार पाण्यात कालवून गाळा आणि त्याच दिवशी वापरा. अ‍ॅलिसिन टिकत नाही. कडुलिंबातलं अझाडिरॅक्टिन मुख्यतः किडींवर चालतं, आणि उन्हात लवकर विघटित होतं. तांबेऱ्यासाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

वनस्पतींचा खरा उपयोग मला बियाण्यावर दिसतो. गव्हाच्या बंट रोगाचे बीजाणू दाण्याच्या बाहेरून चिकटलेले असतात आणि बियाणं रुजताना तेही रुजतात. याच बीजाणूंवर काम करून प्रेव्हो या संशोधकाने 1807 मध्ये दाखवून दिलं की हा रोग बुरशीमुळे होतो आणि तांब्याच्या क्षाराने तो रोखता येतो. युरोपातले सेंद्रिय शेतकरी त्यासाठी मोहरीचं पीठ वापरतात. पीठ ओलं झालं की त्यातून झणझणीत आयसोथायोसायनेट सुटतं, आणि बीजाणू तिथेच समोर असतो. बुर्किना फासोमध्ये ज्वारीच्या बियाण्याला माक्याच्या अर्काची प्रक्रिया करून पाहिली गेली, तिथेही चांगले निकाल मिळाले. माका म्हणजे आपण केसांच्या तेलात घालतो तोच.

पण गव्हाच्या काजळी रोगाची बुरशी दाण्याच्या गर्भात दडलेली असते. तिला कुठलाच बाहेरून लावलेला अर्क पोहोचत नाही. तिथे बियाण्याला उष्णतेची प्रक्रिया किंवा आंतरप्रवाही, म्हणजे रोपाच्या आत भिनणारं, बुरशीनाशक लागतं.

अर्क बुरशीला न मारता पिकाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतो, असाही एक प्रकार आहे. तपकिरी समुद्री शैवालातलं लॅमिनारिन त्यातलंच. गव्हाच्या भुरीवर, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीवर, ते वापरलं जातं. तेही रोगाच्या आधीच द्यावं लागतं.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत अर्काभोवती बुरशी वाढली नाही, एवढ्यावरून शेतातल्या परिणामाबद्दल काहीच ठरत नाही. बशीत ऊन नाही, पाऊस नाही आणि पानाची मेणचट त्वचाही नाही. धोतरा, कण्हेर असल्या विषारी वनस्पती तर बशीत कितीही चांगल्या चालल्या तरी खाण्याच्या पिकावर मारू नका. झाडपाला आहे म्हणून तो निर्धोक, हे मला मुळीच मान्य नाही. तेलकट अर्कांनी पानं करपतात, तेव्हा आधी चार रोपांवर मारून दोन दिवस थांबा.

तुमच्या आताच्या पिकात ओंब्या भरत असतील आणि वरच्या पानावरही पुटकुळ्या आल्या असतील, तर अर्काच्या भरवशावर थांबू नका, गव्हासाठी शिफारस असलेलं बुरशीनाशक मारा. पुढच्या हंगामात तांबेऱ्याला प्रतिकारक वाण घ्या, आणि अर्क वापरलात तर तुलनेसाठी मधला एक पट्टा न फवारता कोरा ठेवा. मी तो ठेवत नव्हतो तोवर, हवा कोरडी झाल्याने थांबलेला रोगही अर्कानेच थांबवला असं समजत होतो.