वहीतला काळोख

"पोरगी पंधरा वर्षांची. मरण, काळोख, विहीर असलंच लिहीत बसते. डिप्रेशन तर नसेल?" कविता करणाऱ्या मुलांचे आईवडील हमखास हेच विचारतात.

अशीच एक दहावीतली मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) गादी झटकताना आईला तिची वही सापडली. आईने चार पानांचे फोटो काढून मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि मावशीने थेट मुलीलाच फोन लावला, "काय गं, असलं काय लिहितेस?" त्या दिवसापासून घरात अबोला.

आमच्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा वही तिने स्वतःच आणली. एका ओळीत 'अंधार' खोडून 'अंधूक' लिहिलेलं, तेही खोडून 'काळोख'. का बदललं? "अंधार लाइट गेल्यावर पण होतो," ती म्हणाली.

शब्द इतका पारखून घेणारी मुलगी कवितेवर काम करत असते. पण तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. नैराश्य असलेली मुलंही नेटकी लिहितात. म्हणून कवितेबाहेर पाहावं लागतं: दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळपास रोज, मन उदास किंवा चिडचिडं आहे का? जेवण, झोप बदलली का? मैत्रिणी, आवडीचे उद्योग सुटले का? आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरवानिरवीची भाषा, स्वतःला इजा, मरणाची ठरवलेली वेळ किंवा पद्धत, यांपैकी काहीही दिसलं तर कवितेची चर्चा बाजूला. मुलाला एकटं सोडू नये, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. हिला विचारलं तर म्हणाली, "नाही हो. ती विहीर आजोळची आहे. यंदा बुजवली."

बाकीची लक्षणंही नव्हती. अडचण निघाली ती झोपेची. रात्री अकराला अभ्यास संपला की एकपर्यंत लिहायचं आणि सहाला उठायचं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पाच तासांवर चिडचिड होणारच, गणितही चुकणारच. लिहिणं बंद न करता संध्याकाळी साडेसहाला, अभ्यासाआधी, अर्धा तास ठेवलं. दहाला दिवा बंद. रात्री ओळ सुचलीच तर उशाशी चिठ्ठी, मोबाइल नाही. पहिला आठवडा जमलं नाही, दुसऱ्यापासून बसलं.

आईचं काम जास्त कठीण होतं. "तुझ्या भल्यासाठीच वाचलं" हे शेपूट न लावता माफी मागायची, फोटो स्वतःच्या आणि मावशीच्या फोनमधून काढायला लावायचे. "जरा आनंदी लिही ना" हेही बंद. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांना 'बालकवी' म्हणून गौरवलं. उदासी त्यांच्याही कवितेत आहेच, ती आपण कौतुकाने वाचतो. घरातल्या मुलीने लिहिली की धसका.

वाचून दाखवलं तर "हे आमच्याबद्दल आहे का?" असं विचारू नये. एखादा शब्द धरून विचारावं. चौथ्या भेटीत तिने विहिरीची कविता आईसमोर वाचली. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पायऱ्या सात नव्हत्या गं, नऊ होत्या." मुलीने पेन काढलं.