जॉइनच्या पानावर गुपचूप चुकणाऱ्या जागा आधी लिहा

जॉइन म्हणजे यादीतले शब्द, मध्ये सेपरेटर (स्वल्पविरामासारखं चिन्ह) घालून, एकत्र जोडणारं फंक्शन. त्याच्या डॉक्युमेंटेशनमधल्या वर्णनात उदाहरणं वाढवून पाठवलेली दुरुस्ती 'हे तर उघडच आहे' या शेऱ्यासह परत आली, असं तुम्ही लिहिलंय. हाच शेरा मलाही मिळालाय. रिव्ह्यू करणाऱ्यांनी पुढे एक ओळही समजावलं नाही, याचा राग अजून आहे. पण माझी चूकही खरी होती: प्रत्येक उदाहरणात तीन धडधाकट शब्द आणि एक स्वल्पविराम. त्यातून वाचकाला नवीन काहीच कळत नाही.

माझं ठाम मत असं, की जिथे एरर येतो तिथे माणूस किमान शोधायला तरी लागतो. एरर न येता निकाल चुकतो, तिथे डॉक्युमेंटेशनशिवाय आधार नाही. पायथनमध्ये यादीत अंक आला तर टाइपएरर (चुकीच्या प्रकारच्या डेटाचा एरर) येतो, ते एका वाक्यात आटपा. पण यादीऐवजी चुकून एकच शब्द दिला, तर त्याच्या प्रत्येक अक्षरामध्ये सेपरेटर बसतो आणि तक्रार कुठेच येत नाही. हे उदाहरण हवंच.

नलचं, म्हणजे 'इथे किंमतच नाही' या खुणेचं, तर प्रत्येक ठिकाणी वेगळं. जावाच्या स्ट्रिंग.जॉइनमध्ये नल घटक असला की एन-यू-एल-एल ही चार अक्षरंच निकालात उतरतात. सेपरेटर नल असेल तर मात्र नलपॉइंटरएक्सेप्शन हा एरर. जावास्क्रिप्टमध्ये नल आणि अनडिफाइन्ड (किंमत दिलेलीच नाही) दोन्हींच्या जागी काहीच येत नाही, पण सेपरेटर राहतो, म्हणून दोन स्वल्पविराम लागोपाठ दिसतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमधलं जोडणारं फंक्शन कॉन्कॅट_डब्ल्यूएस नल घटक वगळतं, रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) वगळत नाही. दुसऱ्या भाषेतून आलेला माणूस नेमका इथे फसतो. रिकामी यादी आणि एकच घटक, यांचेही निकाल एकेका ओळीत दाखवा.

पाठवताना एका दुरुस्तीत एकच गोष्ट ठेवा. शुद्धलेखन आणि नवं उदाहरण एकत्र केलंत की दोन्ही अडकतात. प्रत्येक प्रकल्पाचे नियम वेगळे, ते आधी वाचाच. पण जावाच्या मुख्य लायब्ररीत वर्णन हेच स्पेसिफिकेशन, म्हणजे बंधनकारक नियम, असतं. बंधनकारक वाक्य बदललं की सीएसआर (कम्पॅटिबिलिटी अँड स्पेसिफिकेशन रिव्ह्यू) ही वेगळी तपासणी लागते. नुसता खुलासा करायचा असेल तर तो एपीआयनोट टॅगमध्ये घाला, तो बंधनकारक धरत नाहीत.

उदाहरणं चालवून बघितल्याशिवाय पाठवू नका. पायथनला वर्णनातली उदाहरणं चालवून तपासणारं डॉकटेस्ट आहे. जावा १८ पासून स्निपेट टॅगने बाहेरच्या फाइलमधला कोड आणता येतो, म्हणजे तो कंपाइल करून तपासता येतो.

जाता जाता: जावाच्या स्ट्रिंगजॉइनर या जोडणाऱ्या क्लासचं सेटएम्प्टीव्हॅल्यू, म्हणजे रिकाम्या निकालासाठी ठरवलेला मजकूर, एकही घटक जोडला नसेल तरच लागू होतं. रिकामी स्ट्रिंग जोडली तरी घटक जोडला असंच धरतात, आणि नुसते प्रीफिक्स-सफिक्स (सुरुवातीला आणि शेवटी लावायचा मजकूर) मिळतात. त्या पानावर याचं उदाहरण द्यायचं असेल तर दोन्ही निकाल शेजारी ठेवा.