कोड पुसला, तरी दिवा परत का लागला?

प्रश्न : आमची २०१६ची पेट्रोल गाडी आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती इंजिनासकट प्रेशर पंपाने धुऊन घेतली. दुसऱ्या दिवशी भोरला निघालो, तर कात्रजचा जुना घाट चढताना गाडी आचके देऊ लागली आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर ‘पी०३०२’ हा बिघाडाचा कोड आला. त्यांनी तो पुसून दिला. चार दिवसांत दिवा परत हजर! आता चारही कॉइल बदला म्हणतात, बारा हजार सांगितलेत. बदलू का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, इतक्यात बदलू नका. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज पुरवणारा भाग, प्रत्येक सिलिंडरला एक. एका कॉइलवरचा संशयसुद्धा अजून कोणी तपासलेला नाही, मग चार कशाला?

पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. तिथे पेट्रोल नीट पेटलं नाही की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता मुख्य दांडा, क्षणभर मंदावतो, आणि गाडीचा कॉम्प्युटर तेवढंच टिपतो. दोष कॉइलचा, ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधल्या दाबाचा), हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं. ते माणसानेच शोधायचं. तीस वर्षं गॅरेज चालवलं, त्यात केवळ कोडवर विसंबून बदललेले चांगले पार्ट इतके पाहिलेत की अजून जीव हळहळतो.

तुमच्या गाडीत माझा पहिला संशय पाण्यावर आहे. प्लग खोल विहिरीसारख्या खाचेत बसतो. प्रेशरने मारलेलं पाणी तिथे उतरलं की लवकर सुकत नाही. मग ठिणगी प्लगच्या टोकाला न पडता बाजूच्या लोखंडाला पळते. चढावर इंजिनावर भार आला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून घाटात आचके बसतात आणि सिग्नलला उभी असताना गाडी शहाण्यासारखी चालते.

इंजिन थंड असताना दुसऱ्या सिलिंडरची कॉइल वर काढायला सांगा. सिलिंडरची मोजणी बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या पट्ट्याच्या (बेल्टच्या) बाजूने होते. कॉइलच्या खालच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपीच्या आत बोट घालून बघा : ओल, स्प्रिंगवर हिरवट गंज किंवा रबरावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. रेघ दिसली, तर ठिणगी तिथूनच पळतेय. पाण्याऐवजी तेल लागलं, तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, सील गेलंय. खाच हवा मारून कोरडी करा.

मग ती कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा आणि गाडी चढावर न्या. कोड पी०३०३ झाला, तर कॉइलच खराब. ती एकच बदला. पी०३०२च राहिला, तर प्लगची अशीच अदलाबदल करा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. कॉइलच्या अदलाबदलीला अर्धा तासही लागत नाही. कोणताच कोड आला नाही, तर ओलच होती, ती गेली.

मात्र कोड पुसण्याआधी ‘फ्रीझ फ्रेम’ लिहून घ्या. बिघाड नोंदला तेव्हाचा वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान आणि भार त्यात असतो. गॅरेजने कोड पुसला, तेव्हा घाटातली ही नोंदही गेली. बॅटरीची वायर काढली तरी बहुतेक गाड्यांत ती जाते.

आणि ताई, दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकला, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते, आणि तो खर्च चार कॉइलच्याही वर जातो. तपासणी होईपर्यंत घाट नकोच.

अदलाबदलीनंतर कोणता कोड आला, ते जरूर कळवा.