‘आज कोण आलं होतं?’ हे तेवढं विचारू नका

प्रश्न : ताई, आमची मुलगी समुपदेशक आहे. क्लिनिकमधली चांगली नोकरी सोडून आर्ट थेरपी शिकायची आणि पुढे इथे परदेशातल्या आपल्याच लोकांत काम करायचं म्हणते. हे म्हणतात, हा तर छंदवर्ग. चित्रं काढून कुणी बरं होतं का? – एक आई

उत्तर : छंदवर्ग नाही हो. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२मध्ये एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने वापरला. क्षयाच्या आजारपणात चित्रं काढून त्याला स्वतःलाच गुण आला होता. आज ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेणं बेकायदा आहे. अमेरिकेत परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. तेव्हा अभ्यासक्रमाला तुमच्या देशात मान्यता आहे का, देखरेखीखाली प्रत्यक्ष काम किती मिळतं, हे आधी बघा. फीचं नंतर.

आता चित्रांचं. मोठ्या आघाताची आठवण पुष्कळदा सलग येत नाही. एखादा वास, आवाज, पोटात गोळा, अशी तुकड्यातुकड्यांनी येते. “काय झालं ते सांग” म्हटलं की माणूस मिटतो. कागदावर मात्र रेघ ओढता येते, नको वाटलं तर कागद पालथा घालता येतो. अर्थ ज्याचं चित्र त्यानेच लावायचा. (काळा रंग म्हणजे दुःख, असलं काही नसतं.) त्याआधीही बारीक गोष्टी असतात : थेरपिस्टची खुर्ची दाराच्या वाटेत नको, दार लावू का हे विचारायचं, कधीही थांबता येईल हे सांगायचं.

आपल्या लोकांत काम करण्याबद्दल म्हणाल, तर झिम्बाब्वेतल्या हरारेत २००६पासून मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी चक्क आज्यांना समुपदेशन शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं. त्या ‘डिप्रेशन’ म्हणत नाहीत. शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणं, म्हणतात. आपल्यातही “जिवाला चैन नाही” म्हणणाऱ्याला इंग्रजी फॉर्मवर कुठल्या रकान्यात खूण करावी ते कळत नाही. मुलीचं मराठी तिथे कामी येईल.

अडचण वेगळीच आहे. परदेशात आपलं वर्तुळ लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात. “तुझ्या लेकीला जरा माझ्या सुनेशी बोलायला सांग ना,” असं कुणी म्हणालं, तर निरोप नेऊ नका, तिच्या कामाचा नंबर द्या. नात्यातल्यांना ती नाही म्हणेल, रुसू नका. आणि संध्याकाळी गप्प गप्प घरी आली, तर कोण आलं होतं ते विचारू नका. ‘जेवलीस का?’ चालेल.