सोफ्यावरचे ओरखडे आणि पॉलिसीचा ‘बोनस’

डोंबिवलीच्या एका वाचकाचे पत्र थोडक्यात असे आहे: “आमच्या घरी मनी नावाची दोन वर्षांची मांजर आहे. ७२,००० रुपयांना घेतलेल्या सोफ्याचा एक हात आणि पाठीची एक बाजू तिने ओरबाडून पार उसवली आहे. कारागीर कापड बदलण्याचे २८,००० सांगतो. दुकानात रेक्झिनचा नवा सोफा १,३५,००० ला आहे. तो क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’ने मिळेल, आणि ८,५०० जास्त भरले तर पाच वर्षांचे संरक्षणही मिळेल. माझे वय ३६, पगार वर्षाला १२ लाख, हातात महिन्याला ८४,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता ३४,००० (शिल्लक ३६ लाख, व्याज साडेआठ टक्के), घरखर्च ३६,०००. पत्नी घर सांभाळते, मुलगी सहा वर्षांची आहे. बँकेत ६०,००० आहेत. शिवाय पुढच्या महिन्यात पॉलिसीचा २०,००० चा चौथा बोनस येईल. या पॉलिसीचा हप्ता वर्षाला एक लाख असून तिच्यावर वीस टक्के परतावा मिळतो. हप्ता मी कार्डावर भरतो, कारण पॉइंट मिळतात, आणि दरमहा उरणाऱ्या १४,००० मधून नऊ महिन्यांत फेडतो; थोडे व्याज जाते. तर कापड बदलावे की नवा सोफा घ्यावा?”

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते: सध्या दोन्ही करू नका. मांजरीची सवय वळवल्याशिवाय कापड बदलले तर २८,००० रुपयांचा नवा खेळ तिला मिळेल, आणि रेक्झिनवर तर प्रत्येक नखाचे भोक कायमचे दिसत राहील. सोफ्याकडे मी शेवटी परत येणार आहे. त्याआधी ‘वीस टक्के परतावा’ आणि ‘थोडे व्याज’ या दोन शब्दप्रयोगांकडे पाहिले पाहिजे, कारण तुमच्या घराचे खरे नुकसान मनीने केलेले नाही.

आधी ‘थोडे व्याज’. क्रेडिट कार्डाचा दर साधारण साडेतीन टक्के असतो, पण तो महिन्याला, वर्षाला नव्हे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की तो महिन्याला चार टक्क्यांच्या वर जातो. पूर्ण बिल भरले नाही की बिनव्याजी मुदतही संपते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते. एक लाखाचा हप्ता कार्डावर टाकून दरमहा १४,००० भरत गेलात, तर नवव्या महिन्यात तो फिटेपर्यंत व्याज आणि कर मिळून सुमारे २१,००० रुपये जातात. तुमचा वर्षाचा बोनस २०,००० आहे. म्हणजे विमा कंपनी एका हाताने जे देते, ते कार्ड देणारी बँक दुसऱ्या हाताने वर हजार रुपये घालून घेऊन जाते, आणि तुमच्या पदरी पॉइंट उरतात. त्या पॉइंटांतून आजवर काय आले, हे तुम्ही लिहिलेले नाही. मिक्सरपेक्षा मोठी वस्तू आली असेल असे मला वाटत नाही.

आता वीस टक्के. पत्रासोबत पाठवलेल्या पॉलिसीच्या पानावरून व्यवहार असा दिसतो: दहा वर्षे दरवर्षी एक लाख भरायचे, विसाव्या वर्षापर्यंत दरवर्षी २०,००० मिळणार आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी १५ लाख. एक लाख भरल्यावर वीस हजार परत आले म्हणून ते वीस टक्के, हे गणित तुम्हाला विकणाऱ्याने शिकवले असणार. पहिल्या वर्षी तुमचे एक लाख अडकले होते, आज चार लाख अडकले आहेत, आणि रक्कम मात्र तीच वीस हजार आहे. या हिशेबाने ते आज पाच टक्के झाले आणि दहाव्या वर्षी दोन टक्के होतील. त्यातही हे व्याज नव्हेच, तुमच्याच हप्त्यातला तुकडा तुम्हाला परत मिळतो आणि कागदावर त्याला बोनस म्हटले की तो गोड लागतो. सगळी देणीघेणी तारखेप्रमाणे मांडली तर या पॉलिसीचा खरा परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास येतो, आणि कार्डाचे व्याज मोजले तर तो साडेतीनवर घसरतो. दुसरीकडे तुम्ही गृहकर्जावर साडेआठ टक्के भरता. साडेआठने घेतलेले कर्ज न फेडता पाचच्या पॉलिसीत पैसे घालायचे, आणि तेसुद्धा वर्षाला ४२ टक्क्यांच्या उसनवारीवर, याला बचत म्हणत नाहीत.

कर वाचतो, असेही तुम्हाला सांगितले गेले असेल. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर शून्य आहे. बारा लाख पगाराच्या माणसाने ८०-सी या कलमाच्या करसवलतीसाठी पॉलिसी चालू ठेवण्याचे काही कारण त्यानंतर उरत नाही.

तरीही परतावा कमी असणे ही या पॉलिसीची मोठी खोट नव्हे. तिच्यात विमाछत्र दहा लाखांचे आहे, ही मोठी खोट आहे. उद्या तुमचे बरेवाईट झाले, तर पत्नीच्या हातात दहा लाख आणि डोक्यावर ३६ लाखांचे कर्ज राहील. उत्पन्न शून्य, मुलगी पहिलीत. वर्षाला एक लाख रुपये भरणाऱ्या माणसाच्या कुटुंबाची ही अवस्था आहे, आणि ही पॉलिसी गळ्यात मारणाऱ्याने तुमचे कर्ज किती आहे हे विचारण्याची तसदीसुद्धा घेतलेली दिसत नाही. बचत म्हणून काहीही परत न देणारा, निव्वळ मृत्यूवरच पैसे देणारा एक कोटीचा टर्म विमा तुमच्या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या आणि धडधाकट माणसाला साठीपर्यंत साधारण १५,००० रुपये वार्षिक हप्त्यात मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. एक कोटीतून कर्ज फिटले तर ६४ लाख उरतात, आणि घरखर्च वर्षाला सव्वाचार लाखांचा असल्याने त्यावर कुटुंबाला निदान पंधरा वर्षे सावरता येईल. जमत असेल तर दीड कोटीचा घ्या. ‘शेवटी काहीच परत मिळत नाही’ म्हणून टर्म विमा टाळणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात; दुचाकीचा विमा परत मिळत नाही म्हणून ते कधी भांडलेले नाहीत.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्म विम्याचा अर्ज करा, त्यात प्रकृतीबद्दल आणि सवयींबद्दल एकही गोष्ट लपवू नका, आणि तो मंजूर होऊन कागद हाती येईपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका. चौथे वीस हजार खात्यात जमा होऊ द्या. तुमच्या पत्रात त्या पैशांचा उल्लेख आहे, पण त्याच सुमारास पाचव्या लाखाचा हप्ता येतो याचा नाही. तो हप्ता कार्डावर टाकायचा नाही. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची वाढीव मुदत असते आणि त्या काळात विमाछत्र चालू राहते, तेवढ्यात टर्म विम्याचे काम उरकता येईल.

त्याच महिन्यात कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज पॉलिसी मोडली तर किती मिळेल, आणि हप्ते थांबवून ती ‘पेड-अप’ केली तर काय मिळत राहील. चार वर्षांचे हप्ते भरून झाल्यावर मोडण्याची हमीची रक्कम साधारणपणे भरलेल्या हप्त्यांच्या निम्मी असते आणि त्यातून आधी मिळालेले बोनस वजा होतात. दोन लाखांतून ऐंशी हजार गेले की १,२०,००० उरतात. कंपनीचा विशेष दर याहून चांगला असू शकतो. पेड-अप केल्यास लाभ भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे दहापैकी चार, धरले जातील असे मानू: वर्षाला ८,००० आणि शेवटी सहा लाख. तुमच्या कर्जाच्या दराने या रकमांची आजची किंमत सुमारे २,३०,००० होते. मोडून याहून जास्त मिळत असेल तर मोडा आणि ती रक्कम सरळ गृहकर्जात भरा. कमी मिळत असेल तर पेड-अप करून विसरून जा. कराराच्या अटी वेगळ्या निघाल्या, विशेषतः पेड-अप झाल्यावर वार्षिक रक्कम बंद होत असेल, तर हिशेब पुन्हा करावा लागेल. पॉलिसी चालू ठेवण्याचा आग्रह करणारा फोन तुम्हाला नक्की येईल आणि ‘आता मोडलीत तर नुकसान’ हे वाक्य त्यात असेल. नुकसान झालेले आहेच. उरलेले सहा लाख त्याच्या मागोमाग पाठवायचे का, एवढेच आता ठरवायचे आहे.

आता त्या १,३५,००० च्या सोफ्याकडे. हप्ता ११,२५० रुपयांचा पडेल. पॉलिसीचा पाचवा हप्ता नेहमीप्रमाणे कार्डावर टाकून तुम्ही हा सोफाही घेतलात, तर १४,००० पैकी पॉलिसीच्या त्या एक लाखाच्या बाकीसाठी पावणेतीन हजार उरतात, आणि त्या बाकीचे पहिल्या महिन्याचे व्याजच चार हजारांच्या वर आहे. म्हणजे पैसे भरत असूनही कर्ज वाढत जाईल. ‘नो कॉस्ट’ या शब्दाला भुलू नका: अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड लपवले जाते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावले होते. रोखीने घेतल्यास किती सूट मिळेल हे दुकानदाराला विचारा, म्हणजे व्याज कुठे बसले आहे ते कळेल. ८,५०० च्या संरक्षणाबद्दल एवढेच, की त्याच्या अटींमध्ये पाळीव प्राण्यांचा परिच्छेद शोधा. बहुतेक ठिकाणी नखांचे आणि दातांचे नुकसान वगळलेले असते, आणि तुमच्या घरी धोका नेमका तोच आहे.

मनी सोफा सूड म्हणून फाडत नाही. नखांवरचे जुने वेष्टन काढून टाकणे, झोपेतून उठल्यावर अंग ताणणे आणि पंजातल्या ग्रंथींचा वास सोडून जागेवर हक्क सांगणे यांसाठी मांजर ओरबाडते. ही गरज मारून किंवा ओरडून जात नाही, तिला दुसरी जागा द्यावी लागते. सुताराकडून जड पाटावर बसवलेला, तीन फुटांचा न डगमगणारा खांब करून घ्या आणि त्याला घायपाताचा दोर घट्ट गुंडाळा. हजार-दोन हजारांत काम होते. तो गॅलरीत नव्हे, तर सोफ्याच्या फाटलेल्या हातालाच लागून ठेवा, आणि त्या हातावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, कारण पंजाला चिकटणारा पृष्ठभाग मांजरींना आवडत नाही. आडवे ओरबाडण्याची सवय असेल तर काथ्याचे जाड पायपुसणेही चालते. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची पारदर्शक टोके कापा. गुलाबी भागाला कात्री लागू नये म्हणून पहिल्यांदा पशुवैद्याकडून शिकून घ्या. नखे कायमची काढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात बोटांची शेवटची पेरे छाटली जातात.

दोन-तीन महिने तिने खांबच वापरला, तर मग कापड बदला, आणि तेही फाटलेल्या हाताचे आणि पाठीच्या त्या बाजूचेच. पूर्ण सोफ्याचे २८,००० देण्याची गरज नाही. तोवर जुनी सतरंजी टाकून ठेवा. ताग किंवा सैल विणीचे कापड नख अडकायला सोयीचे असते, म्हणून घट्ट विणीचे, मखमलीसारखे घ्या. कार्ड सध्या रिकामे आहे, ते तसेच राहू द्या, आणि दरमहा १२,००० बाजूला टाकून वर्षभरात बँकेतील ६०,००० चे दोन लाख करा, म्हणजे जवळपास तीन महिन्यांचा खर्च आणि कर्जाचा हप्ता हाताशी राहील. सोफ्याचे पैसे त्यानंतर. कारागीर जुने कापड उतरवेल तेव्हा ते फेकू नका. त्यात मनीचा वास मुरलेला आहे. त्याची एक पट्टी खांबाला बांधली, तर नव्या कापडाकडे ती कमी वळेल.