हरित पट्ट्यातला गृहप्रकल्प: मोर्च्याआधी कलम शोधा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: शहराच्या हद्दीला लागून माळ, थोडी बागायत आणि एक ओढा आहे. तिथं हजारेक सदनिकांच्या टाउनशिपचा फलक लागलाय. तुम्ही सह्यांची मोहीम घेतली, आमदारांना निवेदन दिलं, पेपरात फोटोही आला. आता पुढं मोर्चा काढायचा की कोर्टात जायचं?

इतक्यात दोन्ही नको. जमीन आज कुठल्या झोनमध्ये आहे आणि फाइल कुठल्या टेबलावर आहे, हे तुमच्या लिखाणात कुठंच नाही. अशा लढ्यांमध्ये मी बरीच वर्षं आहे. लोक हरतात ते माणसं कमी पडली म्हणून नव्हे, हरकतीची मुदत उलटून गेल्यावर जागे होतात म्हणून. बिल्डरचा फलक लागतो तोवर कागद बराच पुढं गेलेला असतो.

आपल्याकडं जमिनीचा वापर ठरतो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली. शहराचा नवा विकास आराखडा येत असेल तर प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि कलम २८ खालची नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. आराखडा आधीच मंजूर असेल आणि फक्त जमिनीचे हे चार-दोन गट शेती झोनमधून रहिवासी झोनमध्ये न्यायचे असतील, तर ते कलम ३७ चं प्रकरण. जमीन नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, प्रादेशिक योजनेत असेल तर कलम २०. आणि ती आधीच रहिवासी झोनमध्ये गेलेली असेल, तर झोनची लढाई तुमच्या नकळत संपलेली आहे. मग उरतात बांधकाम परवानगीच्या अटी आणि पर्यावरण मंजुरी.

ही शेवटची शक्यता गांभीर्यानं घ्या, कारण तिथं कायदा एकतर्फी आहे. परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या तर अर्जदाराला कलम ४७ खाली अपील आहे. परवानगी दिली म्हणून शेजाऱ्याला तसं अपील नाही. म्हणजे बांधकाम परवानगीच्या टप्प्यावर नगररचना कायद्यात तुमच्यासाठी खुर्चीच मांडलेली नाही. ती मांडलेली आहे झोन बदलण्याच्या टप्प्यावर. कलम ३७ ची सूचना राजपत्रात येते, तिथपासून महिनाभरात ‘कोणतीही व्यक्ती’ हरकत घेऊ शकते. जमीनमालकच हवा, लगतचाच हवा असं काही नाही.

शोधायचं कसं? नगररचना विभागात गट क्रमांक देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. दोन्ही रीतसर फी भरून मिळतात, कोणी उपकार करत नाही. माहिती अधिकाराचा अर्जही टाका, पण त्याच्या भरवशावर बसू नका: उत्तराला ३० दिवस, हरकतीलाही महिनाच. उत्तर हातात पडेल तेव्हा मुदत गेलेली. त्यापेक्षा सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात थेट कार्यालयात जा. जिल्हास्तरीय आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांनी त्या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासनाचा आदेश २०१८ पासून आहे. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे ऐकायची तयारी ठेवा आणि पुढच्या सोमवारी परत जा.

आता हरकतीकडं. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा खेळ इथं आहे.

एकच मजकूर छापून हजार जणांनी सह्या केल्या की अहवालात तो ‘एकाच आशयाच्या हरकती’ म्हणून एका ओळीत आटोपतो. हजार सह्यांचं वजन राजकारणात असतं, नगररचनेच्या टिपणीत नसतं. वीस-पंचवीस वेगवेगळ्या हरकती, प्रत्येकीत एकच मुद्दा आणि त्याला जोडलेला कागद, हे जास्त जड जातं. प्रत्येक मुद्द्याला अभिप्राय लिहावा लागतो, आणि तो अभिप्राय पुढं कोर्टात वाचला जातो.

‘आमच्या परिसरातील निसर्ग नष्ट होईल, तरी प्रस्ताव रद्द करावा’ ही हरकत नाही, भावना आहे. हरकत अशी असते: ‘गट क्रमांक अमुकच्या उत्तर हद्दीवरून ओढा वाहतो. भूमी अभिलेख कार्यालयाच्या गट नकाशात तो आहे (प्रत सोबत). सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात तो निळ्या रेषेनं दाखवला आहे (प्रत सोबत). प्रस्तावासोबतच्या नकाशात तो नाही. तो का वगळला, याचा खुलासा व्हावा आणि मला प्रत्यक्ष सुनावणी मिळावी.’ शेवटचं वाक्य विसरू नका. सुनावणीची मागणी लेखी असली की ‘अर्जदाराने मागितली नव्हती’ म्हणायची सोय राहत नाही. आणि पोच घ्या: शिक्का, आवक क्रमांक, तारीख. ईमेल पाठवलात तरी कागद टेबलावर देऊन याच.

ओढ्याचा मुद्दा मी सहज घेतलेला नाही. आपल्या शहरांच्या कडेला सगळ्यात आधी गायब होतो तो ओढा, तोही आधी नकाशावरून आणि मग जमिनीवरून. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं वाहून गेली, भिंती पडल्या. त्यानंतर अधिकारी या विषयावर निदान ऐकून तरी घेतात. एका सुनावणीत एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी भाषण वगैरे काही केलं नाही. जुना नकाशा टेबलावर पसरला, निळ्या रेषेवरून बोट फिरवत नेलं आणि विचारलं, ‘हे पाणी तुमच्या नव्या नकाशात कुठनं जातंय?’ त्या दिवशी मोजणीदाराला जागेवर पाठवायचं ठरलं. त्यांच्याआधी बोललेल्या दहा जणांच्या वाक्यांपैकी इतिवृत्तात एकही आलं नाही.

जमीन चढाची असेल तर उतार मोजून घ्या. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार १:५ पेक्षा तीव्र (पाच मीटर अंतरात एक मीटरहून जास्त चढ) उतारावर बांधकामाला परवानगी नाही. समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावरून कुठलाही स्थापत्य अभियंता ते काढून देईल.

पाण्याचा हिशेब स्वतः मांडा, फार सोपा आहे. हजार सदनिका, घरटी पाच माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रचलित प्रमाण. झाले पावणेसात लाख लिटर. दहा हजार लिटरचे सदुसष्ट-अडुसष्ट टँकर, रोज. मग पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला लेखी विचारा की सध्या पुरवठा किती, तुटवडा किती, आणि हे वाढीव पाणी कुठून येणार. बऱ्याचदा उत्तर म्हणून विकसकाचं हमीपत्र पुढं येतं: पालिकेचं पाणी मिळेपर्यंत स्वखर्चानं टँकर. त्या हमीपत्राची प्रत मिळवा. पुढं तिथं राहायला येणाऱ्यांनाही ती लागणार आहे.

सातबारे जरूर काढा. ‘गायरान’, ‘भोगवटादार वर्ग २’ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), इतर हक्कातले शेरे, सगळं बघा. गायरानाचा तुकडा निघाला तर तुमचं प्रकरण एकदम मजबूत होतं. गावाच्या सामाईक जमिनी खासगी घशात घालू नयेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल आहे. माळ मात्र सातबाऱ्यावर बहुधा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निकामी जमीन, म्हणूनच दिसेल. तिथं कोणते पक्षी येतात, काय चरतं, हे तारीखवार फोटोंसह नोंदवलेलं असेल तर जोडा. नसेल तर तो मुद्दा ताणू नका. एका कच्च्या मुद्द्यानं बाकीचे पक्के मुद्दे संशयात येतात.

आता तुम्हाला जो प्रश्न नक्की विचारला जाणार आहे तो. ‘तुमची सोसायटी उभी आहे तिथं काय होतं? शेतच ना?’ अधिकारी विचारतील, बिल्डर विचारेल, आणि सगळ्यात मोठ्यानं तो शेतकरी विचारेल ज्याची ती जमीन आहे. रागावू नका, प्रश्न रास्त आहे. पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण, पाण्याविना पडलेली शेती, आणि शेजारचा गट रहिवासी झाल्यावर त्याला मिळालेला भाव त्यानं डोळ्यांनी पाहिलेला असतो. बाल्कनीतून हिरवं दिसावं म्हणून त्यानं गरीब राहायचं का? याचं उत्तर तयार नसेल तर सुनावणीला जाऊ नका.

माझं मत सांगतो. ‘इथं घरं नकोत’ म्हणणारी मोहीम मला स्वतःला पटत नाही आणि ती टिकतही नाही. ‘घरं आधी कुठं’ हे दाखवणारी टिकते. प्रत्येक आराखड्यासोबत विद्यमान जमीन वापर नकाशा असतो. त्यात आज रहिवासी झोनमध्ये असूनही मोकळी पडलेली जमीन किती, ते बघा. बहुतेक मध्यम शहरांत ती भरपूर निघते. मालक भाव वाढायची वाट बघत बसलेले असतात. रस्ता, ड्रेनेज, जलवाहिनी जिथं आधीच पोचलीय ती जमीन रिकामी ठेवून माळावर नवे पाइप का टाकायचे, हा प्रश्न नगररचनाकाराच्या भाषेतला आहे. त्याला तो टाळता येत नाही.

आणि शेतकऱ्यांशी सुनावणीच्या आधी बोला, शक्यतो त्यांच्या ओसरीवर. सगळे विकायला निघालेत असं क्वचित असतं. पुण्याच्या टेकड्यांचं उदाहरण बघा. १९९७ ला हद्दीत आलेल्या २३ गावांमधल्या ९७८ हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकायचं ठरलं, नागरिकांनी ते लावून धरलं, २०१५ मध्ये शासनानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण मोबदला ८ टक्के टीडीआर, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. जमीनमालक त्यावर कधीच खूश नव्हते, आणि आरक्षण असूनही टेकड्यांवर अतिक्रमणं होत राहिली. मालकाला काय मिळणार हे न ठरवता वाचवलेली हिरवळ रोज नव्यानं वाचवावी लागते. उलट वसईत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हिरवी वसई वाचवायला जे आंदोलन उभं राहिलं, त्याची ताकद अशी की वाडीवर, म्हणजे बागायतीत, राबणारा माणूसच पुढं होता. सगळी वसई वाचली असं नाही. पण आज पश्चिमेच्या गावांत ज्या वाड्या उरल्यात, त्यामागं ती माणसं आहेत.

पर्यावरण मंजुरीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. लोक जनसुनावणीची वाट बघत बसतात. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राला पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारती आणि टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेलं आहे. तुम्हाला कोणी बोलावणार नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर प्रस्ताव स्वतः शोधायचा, अर्जात ओढा, झाडं, पाण्याचा स्रोत याबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं आणि खोटं आढळलं तर राज्य तज्ज्ञ समितीला लेखी कळवायचं. एकाच जागेचे तुकडे करून प्रत्येक टप्पा २०,००० च्या आत बसवलाय का, तेही तपासा. ही जुनी क्लृप्ती आहे. मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करायचं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यापुढं दार बंद. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. झोन बदलाचं भांडण मात्र तिथं चालत नाही, त्याला उच्च न्यायालय. तिथं वकील पहिला प्रश्न विचारेल: हरकत घेतली होती का, पोच दाखवा.

मोर्च्याला माझा विरोध नाही. सुनावणीच्या आठवड्यात काढा, तेव्हा त्याचा उपयोग होतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र ‘अमक्यानं पैसे खाल्ले’ छापाचं काही लिहू देऊ नका. बदनामीची नोटीस आली की निम्मे लोक घरी बसतात, आणि ती पाठवायला बिल्डरला फारसा खर्च येत नाही.

येत्या सोमवारी दोघं जण नगररचना विभागात जा. एकट्यानं जाऊ नका, एकानं बोलायचं आणि एकानं लिहून घ्यायचं. राजपत्रातली सूचना सापडली तर तिची तारीख आणि कलम इथं टाका, हरकतीचा मसुदा मी बघून देतो.